घंटी वाजली की श्वास सोडायचा

आमच्या घरात श्वास घंटीवर सोडत असत. हे वाक्य मी आजवर कित्येक जेवणावळींत टाकलं आहे, आणि प्रत्येक वेळी समोरच्या माणसाने आधी माझ्याकडे आणि मग सहानुभूतीने माझ्या नवऱ्याकडे पाहिलं आहे. पण त्यात अतिशयोक्ती नाही. माझे बाबा उज्जैनला फ्रीगंजमध्ये टायपिंग शिकवायचे. शेवेच्या दुकानावर, अरुंद जिना चढून गेलं की एक लांबट खोली, तिच्यात बारा मशीन. आठ हिंदीची, चार इंग्रजीची. प्रत्येक मशीनवर भैरवगढच्या छापाच्या जुन्या चादरीचा बेतून शिवलेला झगा, आईच्या हातचा. सकाळी सहाला बाबा एकेकाचा झगा काढायचे, तेव्हा मला वाटायचं, बाहुल्यांना उठवताहेत. सातपर्यंत खालून कढईतल्या तेलाचा आणि लवंगेचा वास वर यायचा आणि बारा मशीनची तडतड खाली जायची. शेववाला म्हणायचा, ‘मास्साब, आपके यहाँ से आवाज आती है तो लगता है मेरी कढ़ाई ऊपर भी चल रही है.’ बाबांना सगळं गाव मास्साबच, म्हणजे मास्तरसाहेबच, म्हणायचं.

ज्यांनी टायपिंगचं मशीन पाहिलेलं नाही अशा लोकांची आता घरातच बहुसंख्या झाली आहे, म्हणून सांगते. टाइप करत गेलं की कागद गुंडाळलेला रोलर एकेक अक्षर डावीकडे सरकत जातो. ओळ संपत आली की मशीनच्या पोटात एक छोटी घंटी वाजते, टिंग. मग डाव्या हाताने दांडी ढकलायची, रोलर खर्रकन परत जागेवर येतो, आणि नवी ओळ सुरू. बाबांच्या लक्षात आलं होतं की पोरं चुकतात ती बोटांमुळे नाही. चुकायच्या आधी दोन शब्द त्यांचा श्वास अडलेला असतो. क्लासात निर्मला नावाची एक मुलगी होती, परीक्षेचं नाव काढलं की घामाने तिची बोटं मशीनवरून घसरायची. बाबा तिच्यामागे उभे राहिले आणि म्हणाले, ‘बेटा, उँगली बाद में देखेंगे. तू साँस कब छोड़ती है?’ तिने विचार करून सांगितलं, ‘घर जाकर, मास्साब.’

त्या दिवशी नियम झाला. ओळ चालू असताना छोटे छोटे, वरवरचे श्वास. घंटी वाजली की सगळा श्वास सोडायचा, दांडी ढकलायची, एक ताजा श्वास घ्यायचा आणि मग पहिलं अक्षर. निर्मला पास झाली, कोर्टात लागली, आणि नियमाला तेज चढलं. बारा मशीन, बारा घंट्या आणि बारा सुस्कारे. नवीन आलेल्या पोराला वाटायचं, इथे सगळ्यांना कसलं तरी दुःख आहे.

हा नियम बाबा घरी घेऊन आले. माधव नगरातल्या आमच्या दोन खोल्यांत मशीन नव्हतं, म्हणून घंटी तोंडानेच वाजायची. माझ्या हातून दुधाचं पातेलं सांडलं, बाबा हळूच म्हणायचे, ‘टिंग.’ आई भाजीवाल्याशी भांडून तणतणत आत आली, ‘टिंग.’ मी गणितात नापास झाले तेव्हा बाबांनी प्रगतिपुस्तक वाचलं, मिटलं आणि स्वतःलाच म्हणाले, ‘टिंग.’ आईला या टिंगचा भयंकर राग यायचा. ‘तुमची घंटी क्लासात ठेवून येत जा. मी काय मशीन आहे?’ म्हणायची. पण म्हणून झालं की श्वास सोडायची. तिला कळायचं नाही, आम्हाला दिसायचं.

मग ते दिवस आले. त्यांना काय म्हणायचं हे मला अजून नीट कळलेलं नाही. पेपरात रोज नवीन शब्द असायचे आणि बाबा ते मोठ्याने वाचून ‘म्हणजे काय?’ असं आम्हालाच विचारायचे. गल्लीतल्या छपरांवर छत्र्या उगवल्या, आणि जिथे एक चॅनल होतं तिथे इतकी झाली की आमचे शेजारी रिमोट हातात घेऊन नुसतेच बसायचे. चौकाचौकांत पिवळे फोन बूथ आले. कोणी म्हणे आता सगळ्यांचं भलं होणार, कोणी म्हणे सगळं बुडणार, आणि सकाळी भलं म्हणणारा संध्याकाळी बुडण्याच्या बाजूला गेलेला असायचा. मी सतरा वर्षांची होते. मला एवढंच कळत होतं की मोठ्या माणसांनाही काही कळत नाहीये, आणि ती बातमी मला फार धक्कादायक वाटली होती.

क्लासच्या समोर, औषधाच्या दुकानावर, कॉम्प्युटर सेंटर उघडलं. निळी काच, आत एसी, आणि दाराशी पाटी: जूते बाहर उतारें. उज्जैनमध्ये जिथे चपला काढायच्या तिथे देव असतो, अशी आमची समजूत. लोक चपला काढून आत जायचे आणि नमस्कार करून बाहेर यायचे. एक काकू तर मुलाच्या प्रवेशाच्या दिवशी हळद-कुंकू घेऊन आल्या होत्या. त्यांना थांबवेपर्यंत एक मॉनिटर सवाष्ण झाला होता.

आमची पोरं रस्ता ओलांडून जाऊ लागली. बाबा खिडकीतून बघायचे. सकाळी बाराच्या बारा झगे काढायचे. नंतर कधीतरी नऊच काढू लागले, मग पाच. गणपती झाले, नवरात्र झालं, आणि दिवाळीनंतर तीन मशीन उघडी आणि नऊ झाकलेली, असा तो क्लास दिसू लागला. खालचा शेववाला एकदा वर येऊन उभा राहिला. ‘आवाज कम हो गई, मास्साब,’ म्हणाला, आणि एक पुडी ठेवून गेला.

पुण्याहून मामाचं पत्र आलं. त्याच्या कारखान्यात स्टोअरमध्ये जागा होती. मंजूची, म्हणजे माझी, परीक्षा झाली की एप्रिलमध्ये बिऱ्हाड हलवा, मशीनं विकून टाका, असं त्याने लिहिलं होतं. आमचं घराणं चार-पाच पिढ्या माळव्यात. आमच्या मराठीला पुण्याची मामेभावंडं हसायची. वरणभातावर शेव घालून खाताना मला पाहून मामीने शेवेचा डबा उचलून आत नेला होता. मला उज्जैन सोडायचं नव्हतं. बाबांनाही नव्हतं. आई सकाळी म्हणायची, ‘जाऊ या, माहेरची माणसं आहेत.’ पोहे परतून होईपर्यंत म्हणायची, ‘तिथे मला पोह्यांवर भुरभुरायला जिरावन मसाला कोण देणार?’

त्याच सुमारास आईने स्वतःचा श्वास वेगळा काढला. कोठी रोडला सकाळी फिरायला जायची, तिथे चौबेजी नावाचे रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ झाडाखाली बायकांना शांत कसं व्हावं ते शिकवायचे. चौबेजींच्या मते श्वास घेताना पोट बाहेर यायला हवं आणि सोडताना आत. आणि मुख्य म्हणजे, श्वासाला हात लावायचा नाही. तो येतो तसा येऊ द्यायचा, जातो तसा जाऊ द्यायचा, आपण फलाटावर उभं राहून नुसतं पाहायचं. आई घरी येऊन आम्हाला फलाटावर उभं करायची. बाबा म्हणायचे, ‘पण सोडायचा कधी?’ आई म्हणायची, ‘तो सुटतो.’ ‘अगं, पण घंटी?’ ‘घंटी नसते.’ बाबांना हे पटायचं नाही. घंटीशिवाय गाडी कशी सुटेल, असं त्यांचं म्हणणं. मी दोघांचंही करून पाहायचे. परिणाम असा झाला की मला आपला रोजचा, जन्मापासून येणारा श्वास कसा घ्यायचा तेच आठवेना. पोट बाहेर की छाती वर, पाहायचा की सोडायचा, या गोंधळात मला दोन दिवस उचकी लागली होती.

आज माझ्या मुलीच्या मनगटावरचं घड्याळ मधूनच थरथरतं आणि तिला श्वास घ्यायला सांगतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी इतकी हसले की ती रागावली. तिला वाटतं, हे आता निघालं आहे.

सेंटर चालवणारा राकेश हा बाबांचाच जुना विद्यार्थी. एक दिवस तो चपला घालून रस्ता ओलांडून आला आणि आमच्या क्लासच्या दाराशी काढून आत आला, म्हणजे त्याला लाज वाटत होती. ‘मास्साब,’ तो म्हणाला, ‘बच्चे दो उँगली से टाइप करते हैं. मुर्गी दाना चुगती है, वैसे. आप आ जाओ. की-बोर्ड सिखाने के लिए एक आदमी रखना है. बस, इंदौर से सर आएँगे इतवार को, उनको एक पन्ना टाइप करके दिखा दो.’

एक पान. बाबांनी आयुष्यात किती पानं टाइप केली होती ते देव जाणे. आईने त्याच दिवशी मामाला लिहायला घेतलेलं उत्तर अर्ध्यावर थांबवलं. रविवारी पान झालं, तर आम्ही उज्जैनला. नाही झालं, तर एप्रिलमध्ये पुणे. इतकं ते सरळ होतं. त्या वर्षात सरळ असं तेवढंच होतं.

गुरुवारी बाबा सरावाला गेले. मी बरोबर गेले. आत थंड, सगळीकडे नव्या प्लॅस्टिकचा वास, आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. बाबा बसले, बोटं ठेवली, डोळे समोरच्या कागदावर, आणि सुरुवात झाली. पहिली ओळ छान गेली. दुसरी सुरू झाली असावी, पण बाबांना ते माहीत नव्हतं. ते घंटीची वाट पाहत होते. छोटे श्वास, छोटे श्वास, एकावर एक. खांदे वर आले. मान लाल झाली. शेवटी त्यांना वाटलं, ओळ केव्हाच संपली असणार, आणि डावा हात सवयीने उठला आणि दांडी ढकलायला सणकन गेला. दांडी नव्हती. हात मॉनिटरच्या कानशिलात बसला आणि त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

‘मास्साब,’ राकेश हळूच म्हणाला, ‘उसको मारना नहीं है.’

बाबांनी मॉनिटरला सरळ केलं, त्याची माफी मागितल्यासारखा हात फिरवला आणि पुन्हा बसले. पुन्हा तेच. चौथ्या वेळी ते उठले. जिना उतरताना मला म्हणाले, ‘मंजे, त्याला ओळ संपल्याचं काहीच वाटत नाही. आपला आपणच खाली जातो, न सांगता.’ माणसाबद्दल तक्रार करावी तसं म्हणाले.

शुक्रवार-शनिवार आमच्या घरात श्वासांची जी काही रणधुमाळी झाली, तिचं वर्णन मी साभिनय करते, लिहून ते साधायचं नाही. बाबा जेवणाच्या पाटावर बोटं आपटत बसलेले. आई समोर बसून, ‘अहो, पोट बाहेर. तो येतोय, पाहा. आता जातोय, जाऊ द्या.’ बाबा, ‘कुठे जातोय? इथेच अडकलाय.’ मी मध्येच ‘टिंग’ म्हणायचे, की बाबांचा सगळा श्वास सुटायचा, बोटं पुन्हा धावायची आणि आई म्हणायची, ‘तू त्याला कशाला बोलावतेस? तो स्वतः जाणारा होता.’ पण मी पाहिलं होतं. माझ्या टिंगवर बाबा चालत होते. आणि माझ्या डोक्यात एक अत्यंत बिनडोक, सुंदर योजना आली.

रविवारी आईने पोहे केले, वर शेव आणि डाळिंबाचे दाणे, आणि बाजूला कोपऱ्यावरून आणलेली गरम जिलबी. बाबांनी एकही घास घेतला नाही. आईने त्यांच्या हातावर दही ठेवलं. त्या गडबडीत मी देवघरातली पितळेची घंटी उचलली, रुमालात गुंडाळली आणि ओढणीखाली धरली. सेंटरवर आम्ही चपला काढल्या. इंदूरचे सर म्हणजे तीस-बत्तीस वर्षांचा, गोरा, घाईत असलेला माणूस. त्याने बाबांच्या पुढ्यात इंग्रजी पत्र ठेवलं, घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, ‘चलिए अंकलजी.’ आयुष्यभर मास्साब असलेला माणूस त्या क्षणी अंकलजी झाला. मला त्या सरांना चावावंसं वाटलं.

मी बाबांच्या मागे, जरा डावीकडे, स्टुलावर बसले. तिथून पडदा दिसत होता. बाबांची बोटं सुरू झाली. हिरवी अक्षरं उजव्या कडेकडे पळू लागली, आणि माझी एक अडचण मला तेव्हा कळली: ओळ संपणार हे मला आधी कळायचं कसं? शेवटचा शब्द टुणकन खालच्या ओळीत उडी मारायचा तेव्हाच ती संपल्याचं दिसायचं. तो उडाला. मी रुमालातली घंटी हलवली. टिंग.

बाबांचे खांदे खाली आले.

इंदूरच्या सरांनी छताकडे पाहिलं. ‘मंदिर है क्या पास में?’

‘सर, उज्जैन है,’ राकेश म्हणाला.

आमच्या गावात घंटी कुठून वाजली हे कोणी विचारत नाही. पुढची ओळ, शब्दाची उडी, टिंग. खांदे खाली. डावा हात एकदा जरासा उचलला गेला, पण तो पुन्हा अक्षरांवर बसला. मी इतकी रंगात आले की शेवटी शेवटी ताल धरून वाजवत होते. राकेशने एकदा माझ्या ओढणीकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग अत्यंत गंभीर चेहऱ्याने सरांना एसीबद्दल काहीतरी विचारू लागला. तोही घंटीवरच टायपिंग शिकला होता. पान संपलं तेव्हा मला घाम आला होता आणि बाबा कोरडे होते. दोन चुका. सर पान दोनदा वाचून म्हणाले, ‘बिना देखे?’ आणि मग, ‘मास्टरजी, पहली तारीख से आ जाइए.’

आम्ही एप्रिलमध्ये कुठेही गेलो नाही. आईने त्याच संध्याकाळी मामाचं पत्र पूर्ण केलं आणि आरतीच्या वेळी विचारलं, ‘घंटी कुठे आहे?’ मी रुमालातून काढून दिली. तिने माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आरती सुरू केली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ वाजवली. बाबांनी त्या सेंटरवर पुढे बरीच वर्षं शिकवलं. बारांपैकी अकरा मशीनं गेली, एक राहिलं. ते आता माझ्याकडे आहे, त्याच झग्यात.

आणि मी ही गोष्ट सांगत सुटले. लग्नात, बारशात, गच्चीवर, माझ्या सासरी तर पहिल्याच आठवड्यात. घंटी मी वाजवली, घर मी वाचवलं. दर वेळी स्टूल थोडं पुढे सरकायचं, सर थोडे अधिक दुष्ट व्हायचे. बाबा ऐकत बसायचे आणि योग्य जागी हसायचे.

परवाच्या उन्हाळ्यात उज्जैनला गेले होते. बाबा आता ऐंशीला टेकले आहेत. दुपारी पाहुणे आले, मी ती गोष्ट सगळ्या हातवाऱ्यांसह सांगितली, पाहुणे खूश होऊन गेले. मी कपबशा उचलत होते. बाबा खुर्चीत होते.

‘मंजे,’ ते म्हणाले, ‘एक सांगू? तुझी घंटी उशिरा वाजायची.’

‘म्हणजे?’

‘पहिल्या ओळीला मी थांबलो होतो तिच्यासाठी, ते खरं. पण दुसरीपासून माझा श्वास सोडून झालेला असायचा आणि मग मागून टिंग यायची. प्रत्येक वेळी. जरा व्यत्ययच व्हायचा.’

मी कपबशांसकट उभी राहिले. इतक्या वर्षांची माझी गोष्ट माझ्या हातात होती आणि ती कुठे ठेवावी ते कळत नव्हतं.

‘मग सोडत कशावर होतात?’

त्यांनी विचार केला. मला वाटतं, त्यांनाही नीट माहीत नव्हतं. ‘कशावर नाही,’ म्हणाले. ‘भरला की सुटायचा. तुझी आई म्हणायची तसं. पण तिला सांगू नकोस, ती आत्ता झोपली आहे आणि नंतर झोपू देणार नाही.’

‘आणि मला का नाही सांगितलंत? तेव्हाच?’

‘तू इतकी मन लावून वाजवत होतीस,’ बाबा म्हणाले.